रविवार मिळाला, पाचवी मागणी मात्र चाळीस वर्षं अडली : नारायण मेघाजी लोखंडे यांची गोष्ट

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांग लागते. बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, घरातल्या कमावत्या माणसाचा निवांत निजायचा हा हक्काचा दिवस. ही सुट्टी काही आभाळातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी ती मागून, भांडून घेतली आणि त्यांच्या पुढे उभे होते नारायण मेघाजी लोखंडे. एवढं आता बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. रविवारच्या सुट्टीचे जनक म्हणून त्यांचा फोटो अधूनमधून मोबाईलवर फिरत असतो.

पण लोखंड्यांनी नुसता रविवार मागितला नव्हता. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या वतीने जो अर्ज तयार केला त्यात पाच मागण्या होत्या. रविवार ही पहिली. शेवटची, म्हणजे पाचवी मागणी अशी होती की कामावर असताना ज्याला इजा होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो कायमचा अधू होईल त्याच्या पोटापाण्याची काही सोय व्हावी.

रविवार मिळायला सहा वर्षं लागली. पाचव्या मागणीला कायद्यात जागा मिळायला चाळीस. तोवर लोखंडे जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. म्हणूनच आज त्यांची गोष्ट सांगताना सुरुवात रविवारपासून केली तरी थांबायचं आहे ते त्या पाचव्या मागणीपाशी.

ठाण्याचा मुलगा, मांडवीची गिरणी

लोखंड्यांचा जन्म १८४८ चा. घर साध्या माळी कुटुंबाचं. शिक्षण ठाण्यात मॅट्रिकपर्यंत झालं. त्या काळी बहुजन घरातल्या मुलाने एवढं शिकणं ही मोठी गोष्ट होती, पण पुढे शिकायची ऐपत नव्हती. मग नोकरी. आधी रेल्वेत, नंतर टपाल खात्यात आणि पुढे मुंबईच्या मांडवी भागातल्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून.

ही शेवटची नोकरी महत्त्वाची. स्टोअरकीपर काही साच्यावर उभा राहत नाही, पण गिरणीतलं सगळं त्याच्या खिडकीसमोरून जातं. पट्टा तुटला, तेल संपलं, चाती मोडली, धोटा फुटला की माणूस स्टोअरमध्ये येणार. कुठल्या खात्यात काय मोडतं आणि त्यात कुणाला किती लागतं, हे अशा माणसाला कळल्याशिवाय कसं राहील? लोखंड्यांना गिरणीची माहिती पुस्तकातून घ्यावी लागली नाही.

याच काळात ते महात्मा जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या कामात आले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेलं ‘दीनबंधु’ हे पत्र पैशाअभावी अडचणीत आलं होतं. १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईत आणून चालवायला घेतलं. शेतकरी, कामगार आणि कनिष्ठ समजल्या जाणाऱ्या जातींची बाजू मांडणारं हे पत्र. पुढे लोखंड्यांनी नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ याच कामाला दिला.

स्वभावाने ते जपून पाऊल टाकणारे होते. फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणं त्यांनी ‘दीनबंधु’त छापली, पुढची छापली नाहीत. त्यावरून फुले त्यांच्यावर नाराजही झाले. लोखंड्यांचा मार्ग अर्ज, सभा, सह्या आणि पुन्हा अर्ज असा होता. काहींना तो मवाळ वाटेल. पण गिरणीच्या दारात रोज नवा माणूस काम मागत उभा असताना, ज्याच्या हातात संपाचा पैसाही नाही अशा कामगाराला घेऊन चालायचं तर दुसरी वाट सोपी नव्हती.

गिरणीच्या आत

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. तीसेक वर्षांत परळ, लालबाग, भायखळ्याच्या बाजूला धुराड्यांची रांगच उभी राहिली. रत्नागिरी, सातारा आणि घाटावरच्या गावांतून माणसं या गिरण्यांत आली. आपल्या भागातल्याही कितीतरी घरांचा एखादा आजा-पणजा ‘मुंबईला गिरणीत’ होता.

काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. घड्याळ मालकाचं, भोंगाही मालकाचाच. दुपारची नीट सुट्टी नाही. साचा चालू ठेवूनच भाकरी खायची. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. सणवार सोडले तर कामच. आणि ‘सुट्टी’च्या दिवशीही यंत्रं पुसायला बोलावणं यायचं.

आता यंत्रांचं बघा. वाफेच्या एका मोठ्या इंजिनावर सगळी गिरणी चालायची. इंजिनापासून छताखालून लांबच लांब शाफ्ट जायचे, त्यावरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक साच्यावर उतरायचे. पट्टा उघडा, दातेरी चक्रं उघडी. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, मोकळे केस यातलं काहीही पट्ट्यात अडकलं की माणूस ओढला जायचा. आणि एखाद्या साच्यासाठी अख्खं इंजिन थांबवायचं नाही, म्हणून चालू यंत्रातच हात घालून रुई काढायची. साळ खात्यात धोटा सुटून उडाला तर डोळा जायचा. पिंजण खात्यात हवेत इतकी तूस की छातीत खोकला घर करायचा. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवायची, खिडक्या बंद. आणि सगळीकडे तेल आणि कापूस. एक ठिणगी पुरे.

यात मुलंही होती. १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, असं त्यात लिहिलं होतं. आज हे वाचून अंगावर काटा येतो, पण तेव्हा हीच सुधारणा होती. धोकादायक यंत्राभोवती कुंपण घाला आणि अपघात कळवा, हेही त्यात होतं. मात्र शंभर माणसांच्या आतल्या कारखान्याला हा कायदा लागूच नव्हता. मोठ्या माणसाच्या कामाच्या तासांवर एक शब्द नव्हता. आणि ज्याचा हात गेला त्याला काय, यावरही नव्हता.

साडेपाच हजार सह्या

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांची चौकशी करायला कमिशन नेमलं. मालकांची बाजू मांडायला त्यांची संघटना होती. कामगारांची कोण मांडणार? लोखंड्यांनी त्याच वर्षी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी केली. सप्टेंबर महिन्यात परळ भागात कामगारांच्या सभा झाल्या आणि अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले.

अर्जातल्या पाच मागण्या अशा. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. आणि पाचवी, जखमी आणि अधू झालेल्यांच्या भरपाईची.

वरवर पाहता पहिल्या तीन मागण्या वेळेच्या, चौथी पैशाची आणि पाचवीच तेवढी अपघाताची. पण नीट पाहिलं तर पाचही मागण्या एकाच धाग्यात ओवलेल्या दिसतात. तेरा तास उभा असलेला माणूस तेराव्या तासाला कसा काम करत असेल? डोळ्यावर झापड, हात जड, आणि समोर उघडा पट्टा. अपघाताला फक्त यंत्र कारण नसतं, थकवाही असतो. पगार वेळेवर नाही म्हणजे सावकार आला, अर्धपोटी राहणं आलं. अर्धपोटी माणसाचं लक्ष यंत्रावर किती राहणार? विश्रांती हीसुद्धा सुरक्षाच. जाळी यंत्राला लागते, तशी माणसाला सुट्टी लागते.

आज कारखान्यातल्या सुरक्षेच्या वर्गात थकव्यावर वेगळा तास घेतात. लोखंड्यांचा अर्ज त्याच वाटेने, पण १८८४ साली गेला होता.

लँकेशायरचा डाव आणि मजुराचा हात

लोखंड्यांची खरी अडचण सरकार आणि मालक एवढीच नव्हती. आपलेच सुशिक्षित लोकही विरोधात होते. कारण असं की हिंदुस्थानात कारखाना कायदा कडक व्हावा म्हणून इंग्लंडमधल्या लँकेशायरचे गिरणीमालकही जोर लावत होते. त्यांना इथल्या मजुराची दया आली होती असं नाही. मुंबईचं स्वस्त सूत त्यांना जड जात होतं. त्यामुळे राष्ट्रीय बाण्याच्या अनेक पुढाऱ्यांना आणि पत्रांना हा कायदा म्हणजे देशी उद्योग बुडवायचा परकीय डाव वाटला. त्यात तथ्यही होतं.

लोखंडे मात्र मजुराच्या बाजूने उभे राहिले. लँकेशायरचा हेतू काहीही असो, पट्ट्यात सापडलेला हात मुंबईच्याच मजुराचा होता. देशी उद्योग वाढला पाहिजे हे खरं, पण तो मजुराच्या बोटांवर का वाढावा? हा प्रश्न विचारायला त्या काळी छाती लागत होती. एका बाजूला इंग्रजांचा हस्तक ठरायची भीती आणि दुसऱ्या बाजूला मालकांचा राग, अशा दोन्हींच्या मधून त्यांना चालावं लागलं. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या मोजक्या प्रतिष्ठितांनी कारखाना कायद्यासाठी आधीपासून खटपट केली होती. पण कामगारांना स्वतःला सभेत आणून बोलतं करण्याचं काम लोखंड्यांचं.

१० जून १८९०

पहिल्या अर्जावर फारसं काही झालं नाही. लोखंड्यांनी पुन्हा अर्ज केले. १८८९ साली थेट व्हाइसरॉयकडे अर्ज गेला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सजवळच्या मैदानात सभा भरली. सुमारे दहा हजार कामगार आले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. १८९० साली, दहा हजारांच्या सभेत, गिरणीतल्या बाया उठून बोलल्या!

मालकांना आता टाळता येईना. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली.

त्याच वर्षी लोखंड्यांनी आणखी एक धाडस केलं. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं मुंबईच्या न्हाव्यांनी ठरवलं, त्यामागे लोखंड्यांची खटपट होती. ज्याच्या हातात हत्यार त्यानेच नको म्हणायचं, ही त्यांची रीत इथेही दिसते.

१८९० साली सरकारने नेमलेल्या नव्या कारखाना कमिशनच्या कामात मुंबईच्या कामगारांतर्फे लोखंड्यांनाही घेतलं गेलं. सहा वर्षांपूर्वी जो माणूस बाहेरून अर्ज देत होता, तो आता टेबलाच्या आतल्या बाजूला बसला. १८९१ चा कायदा आला. आता पन्नास माणसांच्या कारखान्यालाही तो लागू झाला. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आली. मुलांचं किमान वय नऊ झालं, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना सात तासांची मर्यादा आली. बायकांना अकरा तासांची. पुरुषांच्या तासांना मात्र हातच लावला नाही. कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली ती थेट १९११ च्या कायद्याने.

आणि पाचवी मागणी? ती होती तिथेच राहिली.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. लोखंड्यांची असोसिएशन ही आजच्या अर्थाने युनियन नव्हती. तिला वर्गणीदार सभासद नव्हते, फंड नव्हता, लिखित नियम नव्हते. लोखंडे हेच तिचं कार्यालय आणि तिचा सेक्रेटरी. म्हणून काही अभ्यासक तिला संघटना म्हणायला तयार नसतात. असेल तसं. पण ज्याला लिहितावाचता येत नाही त्याचं म्हणणं कागदावर नीट मांडून सरकारच्या टेबलावर ठेवणारा माणूस, हीच त्या वेळची गरज होती.

प्लेगच्या साथीत

१८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमान दंगा झाला, तेव्हा लोखंड्यांनी कामगारांमध्ये सलोख्यासाठी काम केलं. १८९५ साली सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग आला. ज्यांना शक्य होतं ते शहर सोडून पळाले. कामगार वस्त्यांमध्ये एकेका खोलीत दाटीने राहणाऱ्यांवर साथीचा घाला मोठा. लोखंडे पळाले नाहीत. रुग्णांची सोय लावत वस्त्यांतच फिरत राहिले. शेवटी त्यांनाच प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. वय पन्नाशीच्याही आत. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या.

पाचव्या मागणीचं पुढे काय झालं

१९२१ पासून केंद्रीय कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडायला नारायण मल्हार जोशी होते. १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. कामावर असताना, कामामुळे झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यायची, हे पहिल्यांदा कायद्याने मानलं. लोखंड्यांनी बरा होईपर्यंत पूर्ण पगार मागितला होता. कायद्याने सुरुवातीचे काही दिवस वगळून जवळपास निम्मा दिला. पण तत्त्व मान्य झालं. तोवर अपघात म्हणजे मजुराचं नशीब होतं, आता ती मालकाची जबाबदारी ठरली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कारखाना कायदा आणि कर्मचारी राज्य विमा कायदा, दोन्ही आले. यंत्राच्या फिरत्या भागांना जाळी, उडणाऱ्या कणांपासून डोळ्यांना चष्मा, धूळ बाहेर खेचायची सोय, प्यायचं पाणी, आगीतून बाहेर पडायची वाट हे सगळं मालकावर बंधनकारक झालं.

आपल्या दारातली गोष्ट

आता गिरण्यांचे भोंगे थांबले. मुंबईचेही आणि इंदूरचेही. पण पट्टा, चक्र आणि थकलेला माणूस हे तिघं काही गेलेले नाहीत. बेळगावच्या फाउंड्रीत आहेत, इचलकरंजीच्या मागावर आहेत, साखर कारखान्यात आहेत, गल्लीतल्या पत्र्याच्या शेडमधल्या पॉवर प्रेसवर आहेत. दोन बोटं नसलेला, तरी हसत चहा देणारा माणूस कुणी पाहिला नाही?

नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटांचा हिशेबही दिलेला होता. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरायचं, पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के. वाचायला कठोर वाटतं. पण हा तक्ता नव्हता तेव्हा अंगठ्याची किंमत शून्य होती, हेही लक्षात ठेवा. फक्त बोटंच नव्हे; भट्टीच्या वाळूच्या धुळीने, कापसाच्या तुसाने, इतकंच काय, उसाच्या चिपाडाच्या धुळीने होणारे फुप्फुसाचे आजारही या कायद्याच्या यादीत होते. हे किती कामगारांना माहीत असतं?

म्हणून चार गोष्टी. चालू यंत्रात हात घालायचा नाही, आधी ते बंद करायचं, मग साफ करायचं. सैल कपडे, मफलर, ओढणी, कडं घालून यंत्राजवळ जायचं नाही. जाळी काढली की काम भराभर होतं म्हणून ती काढायची नाही. उद्या अपघात झाला तर कामगाराने जाणूनबुजून सुरक्षेचं साधन काढलं, असं म्हणून भरपाई नाकारायला वाट मिळते. आणि जखम लहान असो की मोठी, तिची लेखी नोंद रजिस्टरमध्ये करून घ्यायची, दवाखान्याचा कागद जपून ठेवायचा. दावा लावायला मुदत असते, ती निघून गेली की हळहळून उपयोग नसतो.

मालकांसाठीही एक गोष्ट आहे. दुसऱ्या पाळीचा माणूस आला नाही म्हणून पहिल्याच पाळीच्या माणसाला डबल ड्युटीला उभं करणं आपल्याकडे सर्रास चालतं. सोळाव्या तासाला प्रेसवर बसलेल्या त्या माणसाचं बोट गेलं तर ती चूक त्याची म्हणायची का? १८८४ सालच्या अर्जात उत्तर दिलेलं आहे.

२००५ साली भारत सरकारने लोखंड्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. ज्या टपाल खात्यात ते एकेकाळी नोकरीला होते, त्याच खात्याचं तिकीट. छान झालं. पण तिकिटापेक्षा मोठी आठवण आपल्या हातात आहे. येत्या रविवारी निवांत चहा घेताना घरातल्या कामावर जाणाऱ्या माणसाला एवढंच विचारा, तुझ्या यंत्राला जाळी आहे का रे?